अक्काची मडी

आमच्या घरात सोवळ्याला मडी म्हणतात. शब्द कानडी, पण अणदुरात तो परका नाही. कर्नाटकाची सीमा इथून फार लांब नाही आणि आमच्या सासूबाई रागावल्या की कानडीतच बोलायच्या. मडी म्हणजे धुतलेलं लुगडं, ओलेत्यानं भरलेलं पाणी, कुणाला न शिवता केलेला स्वयंपाक. माझी थोरली जाऊ या मडीसाठी अख्ख्या गल्लीत प्रसिद्ध होती. लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी तिला अक्का म्हणते. तिच्या हातचा नैवेद्य देवाला पोचतो, असं बायका म्हणायच्या. आमचा खंडोबा वर्षातले काही दिवस नळदुर्गाच्या देवळात मुक्कामाला असतो; तो अणदुरात असेल तेव्हा दर रविवारी आमच्या घरून त्याला नैवेद्य जायचा आणि तो अक्काच करायची. सासूबाई आल्यागेल्याला सांगत, आमची थोरली सून म्हणजे घरातलं देऊळ आहे.

मला ते फार सोयीचं होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. नोकरीची ऑर्डर घेऊनच या घरात आले आणि सकाळी नऊला घर सोडावं लागायचं. दुसऱ्या घरात असल्या सुनेला पहाटे उठून भांडी, धुणं, भाकऱ्या उरकताना नाकी नऊ येतात. मला तसं काही करावं लागलं नाही. मी घासलेलं भांडं अक्का पुन्हा घासायचीच, मग मी घासू तरी कशाला? शाळेतल्या बाया म्हणत, नशीब काढलंस बाई, अशी जाऊ शोधून सापडायची नाही. मीही मान डोलवायची. आज लिहायला लाज वाटते, पण माझी सगळी नोकरी अक्काच्या आजारावर पार पडली. तो आजार आहे हे मला माहीत नव्हतं, हे अर्धंच खरं आहे. मला ते माहीत करून घ्यायचं नव्हतं.

दिसत तर सगळं होतं. तिच्या बोटांच्या बेचक्यांत कातडी कायम पांढरी आणि भिजलेली असायची. थंडीत हातांना भेगा पडायच्या. भाकरी थापताना पिठाला रक्त लागलं की ती ते सगळं पीठ बाजूला काढायची, काटवट धुवायची, हात धुवायची आणि नव्यानं मळायला घ्यायची. मग पुन्हा भेग उलायची. एकदा तिनं गुळाची ढेप धुतली. अर्धी ढेप मोरीतून वाहून गेली आणि आम्ही पोट धरून हसलो, तीही हसली. दुसऱ्या वेळी काड्यापेटी धुतली. त्या दिवशी शेजारून काडी आणून गॅस पेटवला आणि त्यावरही मी शाळेत जाऊन चार जणींना हसवलं. माझ्या जिभेला पहिल्यापासून हाड नाही.

मग ते टँकरचं वर्ष आलं. बोअर आटले होते, गल्लीत एक दिवसाआड टँकर यायचा आणि घरटी मोजके हंडे मिळायचे. आमचे हंडे दुपारपर्यंत संपत. बायका दारात येऊन भांडायला लागल्या, की तुमच्या घरात पाणी पितात का गटारीला पाजतात. भाऊजींनी, म्हणजे अक्काच्या नवऱ्यानं, पाण्याच्या खोलीला कुलूप लावलं. मला वाटलं होतं अक्का आता नाइलाजानं कमी धुवेल. ती जेवायचीच कमी झाली. ताट मनासारखं धुता येत नाही म्हणून ताटच घ्यायची नाही. सासूबाई म्हणाल्या, पोरगी पाण्यासाठी देवाला साकडं घालतीय, उपास धरलाय. घरातल्या कुणीच, मीसुद्धा, तिला विचारलं नाही की तुला भूक लागत नाही का.

त्याच उन्हाळ्यात तिनं माझ्या वर्गाची हजेरी धुतली. शाळा सुटायला आल्या होत्या, मी निकालाचं काम घरी आणलं होतं आणि हजेरीपट कोनाड्यात ठेवून झोपले होते. दुपारी उठून बघते तर तो दोरीवर वाळत घातलेला, पानांवर निळी शाई पसरलेली. मी तिला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. वेडी हा शब्द त्यात दोनदा आला. अक्का भिंतीला टेकून खाली बसली.

"कळतंय गं मला," ती म्हणाली. "धुवाय नगं व्हतं ते कळतंय. वेडेपणा हाय. पण हात थांबत न्हायत."

वेडं झालेलं माणूस आपण वेडेपणा करतोय असं कधी म्हणेल का, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. मुलांना मी दिवसभर प्रश्न विचारते, पण घरी आल्यावर मला एकही सुचला नाही. मी नवा हजेरीपट आणला, वर्षभराची हजेरी उतरवून काढली आणि त्या कोनाड्यात पुन्हा काही ठेवलं नाही.

पुढे सासूबाई गेल्या. अक्काची एकुलती मुलगी लग्न होऊन लातूरला गेली. दोनेक वर्षांनी तिला दिवस गेले आणि सातव्या महिन्यात ओटी भरून तिला इकडे आणायचं ठरलं. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारण्यासारखं काही नसतं. पण पाचवा संपत आला तेव्हा तिनं मला शाळेत फोन केला.

"काकू, म्या बाळंतपणाला येत न्हाय. आईला तुम्हीच सांगा."

मी कारण विचारलं.

"शाळेतनं आल्यावर आई मला दारात उभी करून कपडे काढाय लावायची. थंडीतबी. अंगावर घागर वतायची आन मग घरात घ्यायची. तुम्ही बघितलंय की काकू. माझ्या लेकराला म्या तसं उभं करणार न्हाय."

मी बघितलं होतं. अंग चोरून उभी राहिलेली सात-आठ वर्षांची पोर बघत मी ओसरीवर चहा पीत बसायची.

मी अक्काला सांगितलं. तीन दिवस तिनं धुण्याशिवाय दुसरं काही केलं नाही. पोरगी माहेरी येत नाही म्हटल्यावर सोयरे काय म्हणतील या धास्तीनं भाऊजी पहिल्यांदा हलले. वीस वर्षं बायकोचे हात फुटत होते तेव्हा ते हलले नव्हते. मीही काही वेगळी नव्हते, त्यामुळे त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. आमच्या शाळेत आरोग्य तपासणीला येणाऱ्या बाईंनी मला सांगितलं होतं की धाराशिवला मनाच्या आजारांचे डॉक्टर बसतात. अक्काला घेऊन मी गेले. तुळजापूरपर्यंत आणि तिथून पुढे धाराशिवपर्यंत ती एसटीत उभीच राहिली. सीट मोकळी होती, पण तिला सीटला शिवायचं नव्हतं.

तिथल्या बाकांवर मला वेडे लोक दिसतील असं वाटलं होतं. बसले होते ते बँकेच्या रांगेत दिसतात तसलेच लोक. एका शेतकरी गृहस्थांना दोन महिने झोप नव्हती. एका मुलीची छाती अचानक धडधडायची, आता मरते असं वाटायचं आणि हृदयाच्या सगळ्या तपासण्या चांगल्या यायच्या. एक बाई नुसती बसून होती. तिची बहीण सांगत होती की हिला लेकराचं हसूसुद्धा आता गोड लागत नाही. मी आत जायच्या आधी पदर डोक्यावरून पुढे ओढला होता, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. अक्कानं तसलं काही केलं नाही.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी अक्काला विचारलं, हात धुतले नाहीत तर काय होईल असं वाटतं? आम्ही कुणी हे कधी विचारलं नव्हतं, कारण उत्तर आम्हाला माहीत होतं: देव कोपेल. अक्का खाली बघत बोलली.

"माझ्या हाताला कायतरी लागलंय असं वाटतं. दिसत न्हाय, पण हाय. ते लेकराच्या पोटात जाईल. लेकरू मरंल. आन ते म्या मारलेलं असंल."

"कधीपासून असं वाटतं?"

"लेक झाल्यापासनं."

म्हणजे वीस वर्षांहून जास्त. त्यात देवाचा कुठेच संबंध नव्हता. आम्ही जिला घरातलं देऊळ म्हणत होतो ती आपण आपल्याच लेकराची मारेकरी ठरू या भीतीनं रोज उठत होती. आणि आम्ही तिचं कौतुक करत होतो, तिच्या हातात आणखी भांडी देत होतो.

डॉक्टरबाईंनी समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. या आजाराला मंत्रचळ म्हणतात. मनात नको तो विचार घुसतो, माणूस घाबरतं, हात धुतले की भीती घटकाभर उतरते. तेवढ्या सुटकेपायी मेंदू शिकतो की धुणं हाच उपाय, आणि पुढच्या वेळी दुप्पट धुवायला लावतो. हा स्वभाव नाही, भक्ती नाही, बाहेरचं काही नाही. गोळ्या आहेत, पण त्यांचा गुण यायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात. सुरुवातीला मळमळेल, म्हणून सोडायच्या नाहीत. बरं वाटलं तरी आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. आणि गोळ्यांच्या जोडीनं सराव करायचा. ज्याची भीती वाटते त्याला शिवायचं, आणि धुवायचं नाही. भीती चढते, चढते आणि कुणी काही न करता आपोआप उतरते. ती उतरते हे मेंदूला पुन्हा पुन्हा दाखवायचं.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही बसाल त्यांच्यासोबत? त्या तुम्हाला विचारतील, काही होणार नाही ना? तुम्ही धीर द्यायचा नाही, त्याचीही धुण्यासारखीच सवय लागते. नुसतं सोबत बसायचं."

शाळा सुटली की साडेपाचला आम्ही ओसरीवर बसायचो. पहिल्या आठवड्यात दाराची कडी. दुसऱ्यात केरसुणी. मग माझी चप्पल. अक्का कडीला हात लावायची आणि तळवे गुडघ्यांवर उघडे ठेवायची. कपाळावर घाम यायचा. तिचं सगळं लक्ष माझ्या चेहऱ्यावर असायचं. माझी भुवई जरा हलली तरी ती विचारायची, "काय झालं?" म्हणून मी चेहरा निर्विकार ठेवायला शिकले, परीक्षेच्या वेळी वर्गातून फिरताना ठेवते तसा. पहिल्या दिवशी तिची भीती उतरायला दिवेलागण झाली. महिन्याभरानं चहा निवण्याइतका वेळ पुरायला लागला.

त्या वेळात आम्ही बोलायला लागलो. एका घरात इतकी वर्षं काढून मला तिच्याबद्दल काही माहीत नव्हतं. तिचं माहेर सीमेपलीकडच्या आळंदकडचं. लहानपणी ती विहिरीत उड्या मारायची, म्हशींबरोबर पोहायची, आणि अंग न पुसता काठावर बसून भाकरी खायची. हे सांगताना ती स्वतःच चकित झाली होती. "ती पोरगी म्याच व्हते का गं?" असं तिनं विचारलं, आणि या प्रश्नाला उत्तर द्यायला मनाई नव्हती. मी म्हटलं, "तुम्हीच होता अक्का." मला तेव्हा ती आवडायला लागली. आधी नुसती उपयोगाची होती.

तिसऱ्या महिन्यात तिनं शेतातून आलेल्या भुईमुगाच्या शेंगा मातीसकट फोडून खाल्ल्या. माझ्यासमोर, बोलता बोलता, तिच्या लक्षातही न येता. मी उठून आत गेले आणि रडले. तिच्या हातांवर नवी, गुलाबी कातडी आली होती. मी अक्काच्या लेकीला फोन करून सांगितलं, ये आता. ती आठव्यात आली.

मुलगी झाली. नर्सनं दुपट्यात गुंडाळलेलं बाळ पुढे केलं आणि अक्कानं दोन्ही हात पुढे करून ते घेतलं. घेण्याआधी तिनं हात धुतले होते, एकदाच, तुम्ही-आम्ही धुतो तसे. पुढचा दीड महिना आमच्या घरात मी पाहिलेला सगळ्यात चांगला काळ होता. ती बाळाला तेल लावायची, पायांवर घेऊन न्हाऊ घालायची, धुरी द्यायची. लेक तिच्याकडे बघत बसायची. एकदा मला हळूच म्हणाली, "काकू, माझ्या वक्ताला आई अशी असती तर."

आणि मग तो रविवार. बाळाला सकाळपासून जुलाब लागले आणि दुपारी अंग तापलं. मी तिला मांडीवर घेतलं होतं. तिची मान सैल पडल्यासारखी वाटली आणि माझा जीव उडाला. लेक सोलापूरला न्यायचं म्हणून पिशवी भरत होती, भाऊजी जीप बघायला गेले होते. अक्का गोठ्यातून आली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. बाळाचं कण्हणं ऐकून ती तशीच धावत आली, हात पुढे करून.

"आण हिकडं. म्या घेते."

"आधी हात धुऊन या," मी ओरडले. "नीट धुवा."

कुणीही हेच म्हणालं असतं. गोठ्यातून आलेल्या बाईला आजारी बाळाला घेण्याआधी हात धुवायला सांगणं यात चूक काहीच नाही, हे डॉक्टरबाईंनी मला नंतर दोनदा सांगितलं. दुसऱ्या कुठल्याही घरातली आजी हात धुऊन मिनिटभरात परत आली असती. पण अक्का जागच्या जागी थांबली आणि तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या दिवशी मी चेहरा सांभाळला नव्हता. मग ती वळली आणि मोरीत गेली.

लेक आणि मी बाळाला घेऊन तिच्याशिवायच निघालो. बाळाला साधा संसर्ग होता. दोन दिवसांत ते हसायला लागलं. पण त्याच संध्याकाळी मी बाळाचे कपडे न्यायला घरी आले तेव्हा मोरीचं दार आतून लावलेलं होतं, टाकी रिकामी झाली होती आणि भाऊजी दाराबाहेर उकिडवे बसून नुसतं "अगं, बास की आता" म्हणत होते. ती बाहेर आली तेव्हा नव्या कातडीतून रक्त येत होतं.

लेक बाळाला घेऊन दवाखान्यातूनच परस्पर लातूरला गेली. तिनं आईला दोष दिला नाही, मला तर नाहीच दिला.

आम्ही पुन्हा धाराशिवला गेलो. आजार असा उलटतो, डॉक्टरबाई म्हणाल्या, घाबरू नका, पुन्हा सुरू करू. त्यांनी गोळीचं प्रमाण वाढवलं. अक्का गोळ्या नेमानं घेते आणि त्यांचा गुणही आहे. ती जेवते, झोपते, धुणं पूर्वीच्या निम्म्यावर आलंय. पण सरावाला ती माझ्यासोबत बसायला तयार नाही. मी म्हटलं, मग भाऊजींसोबत बसा, नाहीतर तिथल्या सिस्टर शिकवतील. ती मान हलवते. नात आता बालवाडीत जाते. सुट्टीला दोन दिवस येते. आजी उंबऱ्याच्या आत बसते, नात ओसरीवर. दोघी गप्पा मारतात. नातीला वाटतं, सगळ्याच आज्या अशा लांबून बोलतात.

मागच्या उन्हाळ्यात मी निवृत्त झाले. घरात दिवसभर राहायला लागले तेव्हा मला ते असह्य झालं. एका दुपारी मी अक्काजवळ जाऊन बसले आणि इतक्या वर्षांत जे बोलले नव्हते ते बोलले. "अक्का, त्या दिवशी मी घाबरले होते. तुमच्या हातांमुळं काही झालं नव्हतं. बोलण्यात माझी चूक झाली."

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं.

"चूक कशी? ओसरीवर तीन महिने तू बसलीस, ते डॉक्टरीणबाईनं सांगितलं म्हणून बसलीस. तोंड तसं ठिवायचं हे तुला शिकवलेलं व्हतं. त्या दिशी लेकरू खरंच आजारी व्हतं, आन तवा तुझ्या तोंडातनं खरं आलं. तुलाबी माझे हात घाणच वाटले ना?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. पण त्या क्षणी, बाळाला छातीशी धरून तिच्या पुढे आलेल्या हातांकडे बघताना, मला खरंच तसं वाटलं होतं.